हद्दीबाहेरची लग्नं

मुलगी बीडच्या धारूर तालुक्यातली, मुलगा परळीकडचा आणि लग्न सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर, भल्या सकाळी, फडात जायच्या आधी उरकलेलं. किंवा मंडप गावातच पडलेला, पण पोलीस येणार अशी कुणकुण लागली म्हणून वऱ्हाड रातोरात शेजारच्या तालुक्यात, मामाच्या गावाला हललेलं. बालविवाह रोखण्याच्या कामात असलेल्या कुणालाही विचारा, अशा दोन-चार हकिगती त्यांच्यापाशी असतातच. मग त्यांना विचारावं, अशा लग्नाची जबाबदारी नेमकी कुणाची? इथं मात्र उत्तरं लांबायला लागतात.

कायद्याचं उत्तर आखूड आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २००७ पासून. महाराष्ट्रात खेडेगावापुरता ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. (ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.) ज्याच्या हद्दीत लग्न, त्याची जबाबदारी. पण कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहिलेली माणसं त्या हद्दीतल्या ग्रामसेवकाच्या कुठल्याच रजिस्टरात नसतात. ती त्याच्या गावची नाहीत, तिथली मतदार नाहीत, त्यांची घरपट्टी नाही. आणि ज्या सेविकेनं त्या मुलीचं वजन लहानपणी दर महिन्याला करून वहीत लिहिलं, जिला तिची जन्मतारीख न बघता सांगता येते, ती अडीच-तीनशे किलोमीटर मागे, गावात. या पुस्तकातले लेख त्या अंतराबद्दल आहेत.

लिहिणाऱ्यांत ग्रामसेवक आहेत, सेविका आहेत, शिक्षिका आहेत, बालकल्याण समितीवर काम केलेली माणसं आहेत, दोघं-तिघं वकील आहेत. काही मुलींनी आपलं नाव न देता लिहिलं आहे. त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही आणि ते तसंच राहू दिलं आहे.

आधी आकडे, कारण ते टाळून पुढं जाता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं निघालं. देशाचा आकडा २३.३. आधीच्या फेरीत आपण २६.३ वर होतो. एवढंच वाचलं तर बरं वाटतं. जिल्ह्यांची पानं उलटली की परभणी ४८ टक्के, बीड जवळजवळ ४४, धुळे आणि सोलापूर चाळिशीच्या घरात. देशात सर्वांत वर असलेली पश्चिम बंगाल आणि बिहार ही राज्यं एकेचाळीसच्या आसपास आहेत. परभणी त्यांनाही मागे टाकते. राज्याची सरासरी ही मुंबई, कोकण आणि भंडारा-गोंदियानं मराठवाड्यावर घातलेलं पांघरूण आहे.

या आकड्यांबद्दल एक सावधगिरी हवी. चोवीस वर्षांच्या बाईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं असेल तर ती नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते आहे. तेव्हा 'आमच्या योजनेमुळे प्रमाण घटलं' असं जिल्हा परिषदेच्या सभागृहात कुणी या पाहणीच्या आधारे म्हणालं, तर योजना कधी सुरू झाली ते आधी विचारावं.

सगळं खापर उसावर फोडणंही बरोबर नाही. धुळ्याची घडण निराळी आहे. सोलापूर तर दोन्हीकडचा जिल्हा आहे: तिथून माणसं तोडीला जातात आणि तिथल्या कारखान्यांवर बाहेरून येतातही. तरीही मी इथं उसावर रेंगाळणार आहे, कारण बालविवाहाच्या कामात हद्दी कशा आड येतात हे उसाच्या वाटेवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात. त्याआधीच उन्हाळा-पावसाळ्यात मुकादमानं उचल वाटलेली असते. उचल दिली जाते कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं पाचट सारायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी सहसा विचारत नाही. उचल लाखाच्या आगेमागे जाते. ती हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. आता एकोणीस वर्षांचा मुलगा असलेल्या घराचा विचार करा. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, गेल्या सालची बाकी आहे. मुलाला बायको आणली की घरात एक कोयता वाढतो आणि त्याबरोबर एक उचलही. ही नवरी बावीस वर्षांची, बारावी झालेली मिळणार नाही, कारण तशी मुलगी ऊस तोडायला येणारच नाही. मिळते ती पंधराची.

तिच्या घरचा हिशेब याला जुळणारा आहे. गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही चौदा वर्षांपर्यंतच पोचतो, म्हणजे धोका जिथं सुरू होतो नेमका तिथं तो हात काढून घेतो. आई-बाप सहा महिने बाहेर. मुलीला मागे ठेवायचं तर कुणापाशी? आजी असेल तर ती थकलेली, आणि वयात आलेल्या नातीची राखण तिला झेपत नाही. बरोबर न्यायचं तर कोपीत. कोपीला दार नसतं. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, मुलगी धाकट्या भावंडांना घेऊन दिवसभर तळावर, जिथं ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, अनोळखी माणसं येत-जात असतात. 'काही झालं म्हणजे?' एवढंच आई बोलते. वाक्य पुरं करत नाही. त्यात चांगलं स्थळ आलं, पोराकडच्यांनी हुंडा फारसा मागितला नाही (मुलगी लहान तर हुंडा कमी, शिकली तर तिच्या जोडीचा शिकलेला मुलगा शोधायचा आणि त्याचा भाव निराळा), तर हात पिवळे करून टाकावेत हा सल्ला तिला सगळीकडून मिळतो. भावकीतून, मुकादमाकडून, कधी कधी शाळेतल्या गुरुजींकडूनही.

हे ऐकून जे 'अडाणी माणसं' म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. या आई-बापांना हिशेब कळतो. मुलीला सुरक्षित ठेवण्याची सोय त्यांना दुसऱ्या कुणी देऊ केलेली नसते, म्हणून ते नवऱ्याच्या घराला सोय समजतात. ती सोय नसते, हे त्यांतल्या पुष्कळ आयांना स्वतःच्या अंगावरून ठाऊक असतं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. चर्चा खासगी दवाखान्यांच्या नफेखोरीची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन बाळंतपणं, बाळंतपणानंतर पुन्हा डोक्यावर मोळी, अंगावर काढलेली दुखणी, हा रस्ता त्या चर्चेत मागे पडला. शस्त्रक्रिया आरोग्य खात्याच्या कागदावर होत्या, लग्नं महिला व बालविकास खात्याच्या. बाई एकच होती.

हद्द ओलांडून लग्न लावणं ही आजची युक्ती नाही. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहावरची टिपणं सरकारपुढं ठेवली, त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला, १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून टिळक-आगरकर पक्षांत जे रणकंदन माजलं ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०४ मध्येच बालविवाहाला बंदी करणारा कायदा आणला. इंग्रजी मुलखात मात्र १९२९ उजाडावं लागलं. त्याआधी सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं देशभर साक्षी घेतल्या, मग हरबिलास सारडांचं विधेयक मंजूर झालं: मुलीला चौदा, मुलाला अठरा. कायदा लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. १९३१ च्या खानेसुमारीत तिचं प्रतिबिंब पडलं. आणि कायदा लागू झाल्यावरही तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. शेजारच्या संस्थानात गेलं की अक्षता टाकायला मोकळीक. लग्न आधीच कळलं तरी ते थांबवण्याचा मनाईहुकूम देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला तो १९३८ च्या दुरुस्तीनं. म्हणजे वयोमर्यादा आधी आली, ती पाळायला लावण्याचं साधन नऊ वर्षांनी आलं, आणि हद्दीची पळवाट संस्थानं विलीन होईपर्यंत पुरी बुजली नाही.

आज संस्थानं नाहीत, पण बेळगाव जिल्हा आहे. कर्नाटकानं २००६ च्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली, २०१७ पासून तिथं झालेला प्रत्येक बालविवाह मुळातूनच रद्दबातल. महाराष्ट्रात मात्र तो रद्द करून घेता येण्याजोगा, म्हणजे मुलीनं किंवा मुलानं स्वतः न्यायालयात जाऊन मागितलं तर रद्द; नाहीतर टिकून. मराठवाड्यातल्या टोळ्या दोन्हीकडच्या कारखान्यांवर जातात. चिकोडी तालुक्यात लागलेलं लग्न कायद्याच्या लेखी झालंच नाही. तिथून तासाभरावर कागलकडे तेच लग्न लागलं तर मुलगी उठून कोर्टात जाईपर्यंत ती बायको. हंगाम संपवून ही दोन्ही जोडपी बीडला परततात तेव्हा गावच्या लेखी दोघी सारख्याच सुना असतात. या दोन कायद्यांत कुठला चांगला यावर पुस्तकातल्या वकिलांचं एकमत नाही. लग्न आपोआप रद्द ठरलं तर मुलीला वेगळी लढाई लढावी लागत नाही, हे खरं. पण वर्षभर नांदवून तिला टाकून देणाऱ्याला 'लग्न नव्हतंच' असं म्हणायची सोय होऊ नये, ही भीतीही खोटी नाही. माझा कल कर्नाटकाकडे आहे, पोटगीची आणि मुलांच्या हक्कांची तरतूद भक्कम राहील या अटीवर.

२००६ च्या कायद्याच्या मनात जे बालविवाहाचं चित्र आहे ते राजस्थानातलं आहे. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यालाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानावं, असं कलम त्यात आहे. आपल्याकडे लग्न असं एका दिवशी, ढोल वाजवत लागत नाही. सुपारी फुटते, यादी होते आणि साखरपुड्यातच लग्न उरकलं जातं. पत्रिका नाही, मंडप नाही, बँड नाही. टाळेबंदीत तर पन्नास माणसांची मर्यादा आणि बंद शाळा यांनी ही पद्धत आणखी पक्की केली: लग्न स्वस्तात होतं आणि कुणाला कळतही नाही, हे लोकांनी एकदा पाहून घेतलं. अशा लग्नाची खबर मंगल कार्यालयाच्या मालकाकडून किंवा छापखान्यातून मिळणार नाही. ती मिळते वर्गातल्या मैत्रिणीकडून, कधी खुद्द मुलीकडून, १०९८ वर. २०२३ पासून ही हेल्पलाइन सरकारनं आपल्याकडे घेऊन ११२ शी जोडली. फोन लागतो. फोन लागल्यानंतर काय होतं, यावर पुस्तकातली सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत.

होतं ते साधारण असं. बालसंरक्षण कक्षाकडून निरोप येतो. ग्रामसेवक, सेविका, बीट अंमलदार गावात पोचतात. शाळा सोडल्याचा दाखला काढला जातो. मुलीकडचे आधार कार्ड पुढं करतात, त्यावर वय एकोणीस. दाखल्यावर पंधरा. वादावादी होते. शेवटी आई-बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही, मुलीला बालकल्याण समितीपुढं हजर केलं जातं, समुपदेशन होतं, आणि अहवालात 'एक बालविवाह रोखला' अशी नोंद पडते. वर्षअखेरीस अशा नोंदींची बेरीज होऊन जिल्ह्याचं कौतुक होतं. त्या मुलीचं पुढं काय झालं? अहवालाला ते विचारायची रीत नाही. हमीपत्र लिहून देणाऱ्या बापानं पंधरा दिवसांनी उचल घेतली, कुटुंब तोडीला गेलं आणि लग्न तिकडं लागलं, हे आपल्या सेविकांना माहीत असतं. त्यांना ते कुणी विचारत नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं तर 'तो आपल्या जिल्ह्याचा विषय राहिला नाही'.

समन्वय हा शब्द सरकारी कागदात इतका झिजला आहे की तो वाचला की डोळ्यांपुढं बैठक येते: चहा, बिस्किटं, उपस्थितांच्या सह्या. इथं मला त्यातून एवढंच अभिप्रेत आहे की धारूरच्या सेविकेला सांगलीकडच्या शिराळ्याच्या पर्यवेक्षिकेचा फोन नंबर माहीत असावा, आणि तिनं फोन केला तर तो आपलं काम म्हणून उचलला जावा. 'या टोळीत अमुक मुलगी येते आहे, ऑक्टोबरात तिचं लग्न थांबवलं होतं, तिच्यावर लक्ष ठेवा.' एका वाक्याचा निरोप. तो आज जातो तो ओळखीपाळखीवर, कुणाची तरी नणंद तिकडं आहे म्हणून.

याद्या नाहीत अशी सबब इथं चालत नाही. गावात कोण तोडीला गेलं हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं, कारण त्याचे पैसे गुंतलेले असतात. कुठल्या टोळीत किती कोयते आले हे कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असतं, कारण त्यावर गाळप चालतं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे, शाळांकडे हंगामी वसतिगृहांची जुनी व्यवस्था आहे. प्रत्येकाकडे आपापली यादी आहे, आणि प्रत्येक यादीत मुलगी वेगवेगळ्या नावानं असते: एकीकडे लाभार्थी, एकीकडे स्थलांतरित पाल्य, एकीकडे पटावरची गैरहजर. मुकादमाच्या यादीत ती नसतेच. तिचं लग्न झालं की येते, अर्धा कोयता म्हणून.

कारखान्यांबद्दल आमच्यात बरीच भीड दिसते. लेखक ग्रामसेवकावर, पोलिसांवर, आई-बापांवर मोकळेपणी लिहितात; कारखाना आला की वाक्यं मोघम होतात. याचं कारण समजण्यासारखं आहे, ज्या तालुक्यात कारखाना त्या तालुक्यात बँक, शाळा, दूध संघ आणि आमदार बहुतेक एकाच अंगणातले. पण दर हंगामाला गाळप परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयातून घ्यावा लागतो. तळावर अठराखालच्या मुलींची नोंद, लग्न लागल्यास कळवण्याची जबाबदारी असलेला एक नेमका माणूस, आणि मुलींना रात्री राहायला दार असलेली खोली, एवढ्या तीन अटी परवान्याला जोडायला काय हरकत आहे? ऊस तोडणारी माणसं मुकादमाची, आमची नव्हेत, हे उत्तर कारखाने वर्षानुवर्षं देत आले आहेत. ऊस मात्र त्यांचाच असतो.

दुसरीकडे ज्याच्या खांद्यावर आपण हे सगळं ठेवलं आहे तो ग्रामसेवक. त्याच्याकडे पाणीपट्टी, घरकुलं, रोजगार हमी, जन्म-मृत्यू नोंद, ग्रामसभा. त्यात ज्या सरपंचाबरोबर रोज काम करायचं त्याच्या पुतणीचं लग्न थांबवायचं. सेविका तर त्याच गावची सून. राजस्थानात भटेरी गावच्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्त्या, भंवरीदेवींनी १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचं लग्न रोखण्याचा प्रयत्न केला, त्याचा सूड त्यांच्यावर सामूहिक अत्याचार करून घेतला गेला. त्या प्रकरणातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि देशभरच्या नोकरदार स्त्रियांना त्यांचा आधार मिळाला. गावात एकटीनं लग्न थांबवणाऱ्या बाईच्या संरक्षणाचं काम तिथंच राहिलं. १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बालविवाह प्रतिबंधासाठी जिल्हा पातळीवर फक्त हेच काम करणारे अधिकारी नेमायला सांगितलं, इतर कामांचं ओझं त्यांच्यावर टाकू नका असंही सांगितलं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं 'बालविवाहमुक्त भारत' मोहीम सुरू केली. असा पूर्णवेळ अधिकारी जिल्ह्यात असेल तर बीडचा अधिकारी कोल्हापूरच्या अधिकाऱ्याला लिहू शकेल, पदाला पद बोलेल. ग्रामसेवकानं परजिल्ह्यात फोन करून दरडावणं कधीच शक्य नव्हतं.

पोलिसी बडगा हा सर्वांत सोपा मार्ग आणि म्हणून सर्वांत आवडता. आसामात फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन हजारांवर माणसं पकडली गेली. बाळंतपणाला आलेल्या मुलींचे नवरे आत गेले. आपल्याकडेही याचं छोटं रूप दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो आणि पोक्सोखाली दवाखान्याला खबर देणं बंधनकारक आहे. कायदा म्हणून हे योग्यच. पण परिणाम असा की सोळा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात जायला घाबरते, गेली तर वय वीस सांगते. आशाताईला खरं वय माहीत असतं आणि ती पेचात पडते: कळवावं तर हे घर पुन्हा आपल्याला दार उघडणार नाही, न कळवावं तर बाळंतपणात काही झालं तर? पुस्तकात एका आशाताईनं या पेचावर लिहिलं आहे. मला तिच्या प्रत्येक निर्णयाशी सहमत होता आलं नाही, पण तिच्या जागी मी काय केलं असतं तेही सांगता येत नाही.

याच कायद्यांचा आणखी एक वापर होतो, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मुलगी आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली की ज्या घरानं तिचं लग्न पंधराव्या वर्षी ठरवलं होतं तेच घर पोलीस ठाण्यात जाऊन ती अज्ञान असल्याचा दाखला दाखवतं. पळून जाईल या धास्तीनं लवकर लग्न, आणि पळून गेली की वयाचा कायदा.

पैशाच्या योजनांवर माझा विश्वास मर्यादित आहे. पश्चिम बंगालची कन्याश्री योजना २०१३ पासून चालू आहे, तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, लाखो मुली तिच्यामुळे शाळेत टिकल्या; तरी तिथला बालविवाहाचा आकडा दोन पाहण्यांमध्ये जागचा हलला नाही. आपली लेक लाडकी योजना २०२३ ची, अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार देणारी, तिचा परिणाम दिसायला अजून वेळ आहे. रकमेपेक्षा आठवीनंतर बारावीपर्यंतच्या चार वर्षांचं वसतिगृह, वेळेवर येणारी मानव विकासची एसटी आणि तळावर दार असलेली खोली यांनी जास्त लग्नं लांबतील असं मला वाटतं.

हा प्रश्न देशाच्या सीमेवरही असाच आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश या तिन्ही देशांच्या कायद्यांचं मूळ तोच १९२९ चा सारडा कायदा. २०१४ च्या नोव्हेंबरात दक्षिण आशियाई देश काठमांडूला जमले, बालविवाह संपवण्याची एकत्र हाक दिली, प्रादेशिक कृती आराखडा केला. पुढं नेपाळनं वय दोघांनाही वीस केलं, बांगलादेशानं २०१७ मध्ये 'विशेष परिस्थिती'ची पळवाट ठेवली, पाकिस्तानात सिंधनं त्याआधीच अठरा केलं होतं तेव्हा शेजारच्या पंजाबात मुलीला सोळाच होतं. नेपाळ-बिहार सीमेवरून वरातींना पासपोर्ट लागत नाही. काठमांडूच्या ठरावाचं वजन मोजायचं तर त्या सीमेवरच्या दोन ठाण्यांचं एकमेकांशी बोलणं होतं का ते बघायला हवं. आपल्याकडे बीड आणि सांगलीचंही तेच.

शेवटच्या भागाबद्दल सांगून थांबतो. लग्न होण्याआधीच्या मुलीवर आम्हाला भरपूर लेख मिळाले. लग्न होऊन गेलेल्या मुलीवर फार थोडे. कायदा तिला वाट ठेवतो: अठरानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस पूर्ण होईस्तोवर, ती जिल्हा न्यायालयात अर्ज करून लग्न रद्द करून घेऊ शकते, अठराच्या आत असेल तर पालक किंवा दुसरी जवळची व्यक्ती, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन, तिच्या वतीनं जाऊ शकते. तिला पोटगी मागता येते, झालेलं मूल औरस ठरतं. ही मुदत किती जणींना माहीत आहे? ती सतरा ते वीस या वर्षांत बहुधा सासरच्या जिल्ह्यात किंवा फडात असते. माहेरच्या सेविकेच्या वहीतून तिचं नाव उतरलेलं असतं, सासरच्या सेविकेच्या वहीत ती गरोदर झाली की चढतं. मधल्या काळात ती कुणाच्याच कामात बसत नाही. शाळेत परत जायचं म्हटलं तर मुख्याध्यापक 'बाकीच्या मुलींवर परिणाम होईल' म्हणतात. पुस्तकाचा हा भाग सर्वांत लहान आहे, कारण त्यावर कामच सर्वांत कमी झालं आहे. पुढच्या आवृत्तीत तो वाढावा म्हणून त्याच्या अखेरीस काही पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. तिथं धारूरच्या सेविकेनं शिराळ्याचा नंबर लिहून ठेवला तरी चालेल.